मेजरच्या हातातलं औक्षणाचं ताट

"आत्या, पाणी कोमट आहे. आधी उजवा हात धुते, मग डावा. पाठ सगळ्यात शेवटी."

तुला शेवटची आंघोळ घालताना मी हे मोठ्यानं म्हणत होते, तेव्हा ओसरीत जमलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, आत्या गेली आणि भाचीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी कुणाला समजावत बसले नाही. ही शिस्त तूच घालून दिलेली होती. माझे वडील गेले तेव्हा, पुरुषाच्या प्रेताला बाईनं आंघोळ घालायची नसते असं सगळे सांगत असताना तू पदर खोचून पुढं झालीस. दादा, आता मान उचलते. दादा, आता कूस बदलते. आपल्या भावाशी तू असं बोलत होतीस जणू तो तापानं निजलाय. मी विचारलं, त्यांना ऐकू येतं का? तू म्हणालीस, ऐकू येतं की नाही हा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या हाती सोपवेपर्यंत तो आपला पेशंट असतो, आणि पेशंटला सांगितल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नसतो.

आता तुला अग्नीच्या हाती सोपवून झालं. राख शहागडला गोदावरीत सोडून झाली. तेराव्याच्या मांडवाचे बांबूसुद्धा काल मंडपवाला घेऊन गेला. तरी माझं तुझ्याशी बोलणं थांबत नाही, कारण आपलं भांडण मिटलेलं नाही. भांडण अर्ध्यावर टाकून आत निघून जायचं ही तुझी जुनीच खोड. या वेळी तर फारच आत गेलीस.

तुझ्या पदकाबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की एकाहत्तरच्या लढाईत तू पूर्वेकडच्या सरहद्दीजवळ एका लष्करी इस्पितळात नर्स होतीस. तोफा जवळ आल्या तेव्हा हलवता येतील तेवढे जखमी मागं हलवले, आणि ज्यांना हलवता येत नव्हतं त्यांच्यापाशी तू थांबलीस. सरकारनं त्याबद्दल तुला पदक दिलं. पुढं तू मेजर होऊन निवृत्त झालीस. फौजेतली नर्स ही अधिकारी असते, तिच्या खांद्यावर हुद्दा असतो, आणि ती समोर आली की जवान उभा राहून सलाम करतो. हे आपल्या गावात कुणाला माहीत नाही, असं परवापर्यंत मी धरून चालले होते.

निवृत्तीनंतर तू पुण्यात राहावंस असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. तुझ्या बरोबरीच्या मैत्रिणी तिथंच राहिल्या. तू आलीस आष्टीच्या पुढच्या आपल्या गावात. दत्तानं, माझ्या भावानं, तुला कडेची खोली रंगवून दिली. तुझी पेटी उघडून लावायच्या आधीच दाराशी माणसं उभी. कुणाला इंजेक्शन टोचून हवं, कुणाची पट्टी बदलायची, कुणाच्या सुनेला कळा सुरू झालेल्या. गावानं तुझं नाव ठेवलं सिस्टरबाई. मेजर म्हणायला कुणाची जीभ वळली नाही. माझा त्यावर जळफळाट व्हायचा आणि तू म्हणायचीस, सिस्टर हे काम आहे, मेजर हा नुसता पगार. हे वाक्य तू इतक्यांदा म्हटलंस की मला त्याचाही राग यायला लागला.

आणि मग ते ताट.

दर पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात झेंडावंदन झालं की आपल्या गावात माजी सैनिकांचा सत्कार होतो. स्टेजवर पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या मांडतात. फौजेतून परत आलेली गावची माणसं त्यांवर बसतात. कुणी शिपाई, कुणी नाईक, आणि सगळ्यांत वरच्या हुद्द्याचे म्हणून मधल्या खुर्चीत हवालदार किसनकाका. शाल आणि नारळ द्यायच्या आधी त्यांचं औक्षण होतं. तू आलीस त्या वर्षी गावाच्या मनात आलं, सिस्टरबाईही मिलिटरीच्या दवाखान्यातून आल्यात, त्यांचाही मान ठेवायला पाहिजे. मान म्हणून त्यांनी तुला खुर्ची दिली नाही. तुझ्या हातात ओवाळायचं ताट दिलं.

त्यातही एक अडचण निघाली. ओवाळायला सवाष्ण लागते आणि तू तर लग्नच केलेलं नाहीस. विधवाही नाहीस. पारावरच्या मंडळींनी त्यावर बराच खल केला. शेवटी तोड निघाली, की लग्न न झालेली बाई म्हणजे कुमारिका, आणि कुमारिकेनं ओवाळलं तर ते फारच शुभ. डोक्यावर एकही काळा केस न उरलेली कुमारिका! तू ते ऐकून इतकी हसलीस की तुला ठसका लागला. चला, नियमात बसतंय, असं म्हणून तू पाणी प्यालीस आणि इरकल साडीची घडी मोडलीस. मला त्या गोष्टीचं हसू तेव्हाही आलं नव्हतं.

मी जालन्यात बियाण्याच्या कंपनीत नोकरी करते, त्यामुळं पंधरा ऑगस्टची सुट्टी पकडून दर वर्षी गावी येतेच. त्या वर्षी मी खाली सतरंजीवर बायांमध्ये बसले होते. समोर मेजर वाकलेली होती आणि हवालदार पाय लांब करून बसलेले होते. प्रत्येक खुर्चीपुढं तू वाकायचीस, पार त्यांच्या चपलांपर्यंत तुझी मान खाली जायची, मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश सरळ व्हायचीस. कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, चेहऱ्याभोवती निरांजन. किसनकाकांना तू पेढा भरवलास. त्यांनी तो चघळत शेजारच्याशी बोलणं चालू ठेवलं. पलटणीत असते तर तू दारात दिसताच ते ताडकन उठले असते. इथं त्यांनी पायही जवळ घेतले नाहीत.

तेव्हापासून आपलं भांडण. दर वर्षी त्याच दिवशी, दुपारच्या जेवणाच्या पानावर. मी म्हणायची, तू सरपंचाला सांग तुझा हुद्दा काय आहे, नाहीतर मी सांगते. तू भात कालवत राहायचीस. एकदा मी खरंच उठले होते. तू माझं मनगट धरलंस, अगदी नाडी बघायला धरतात तसं, आणि बजावलंस की या घरातून माझा हुद्दा बाहेर गेला तर मी या घरात राहणार नाही. तुझी धमकी पोकळ नसते हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसले, आणि गाव अज्ञानात सुखी राहिलं.

मला फार काही नको होतं, आत्या. पुतळा नको होता, रस्त्याला तुझं नाव नको होतं. त्या खुर्च्यांवरच्या माणसांनी तुझ्यासाठी एकदा उठून उभं राहावं, एवढंच. एकदाच.

मागच्या वर्षी मी हे तुला शेवटचं म्हटलं. शेवटचं आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. तू मागच्या अंगणात पाटावर बसून चिंचेनं ते पितळी ताट घासत होतीस. दुसऱ्या कुणाला घासू द्यायची नाहीस. मी नेहमीचंच तोंड सुरू केलं, तुला लाज कशी वाटत नाही इथवर गेले. तू हात थांबवलास.

"मी काय ओवाळून राह्यले का तिथं, रेखा? राउंड घेऊन राह्यले. राउंड."

मग तू सांगितलंस. कपाळाला कुंकू लावताना अंगठा टेकला की ताप कळतो. जरा दाबला की कातडीखालची सूज कळते. हातावर पेढा ठेवला तर हात कापतो का ते दिसतं, भरवला तर घास गिळता येतो का ते. पायावरची सूज वाकल्याशिवाय दिसत नाही, म्हणून वाकायचं. आणि निरांजन चेहऱ्याजवळ नेलं की डोळे. लढाईच्या वेळी वॉर्डात दिवा लावायची बंदी होती. बॅटरीच्या काचेवर कागद चिकटवून, त्यातून येईल तेवढ्या उजेडात तुम्ही जखमींचे चेहरे बघत होता. थोड्या उजेडात माणूस नीट दिसतो, असं तू म्हणालीस. ट्यूबलाइटखाली सगळेच बरे वाटतात.

मला एकेक आठवायला लागलं. एका वर्षी ओवाळून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तू ताक प्यायच्या निमित्तानं एकाच्या घरी गेलीस आणि त्याला कावीळ निघाली. एकाला तर तू स्टेजवरून उतरू दिलं नाहीस, त्याचं तोंड एका बाजूला जरासं उतरलं होतं, तिथूनच जीपमध्ये घालून जालन्याला पाठवलंस. किसनकाकांच्या पायाची जखम दोन बोटं कापण्यावर भागली, पाय राहिला. गाव म्हणायचं, सिस्टरबाईंचा पायगुण चांगला. पायगुण!

मी तरी सोडलं नाही. म्हटलं, मग सरळ दवाखाना मांड, त्यांना म्हणावं या आणि दाखवा. तू म्हणालीस, येत न्हाईत. फौजेतली माणसं दुखणं सांगत नाहीत, आणि ऑफिसरपुढं तर बिलकुल नाही. रजा जाईल, नोकरी जाईल, बराकीत हसं होईल, ही भीती हाडात मुरलेली असते, निवृत्त झाला तरी निघत नाही. ओवाळणाऱ्या बाईपुढं मात्र कुणी काही लपवत नाही. तिच्याकडं तर बघतसुद्धा नाहीत. हे तू अगदी शांतपणे म्हणालीस, जणू तुझ्या बाजूचा हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे.

"त्यांना कळलं मी कोण हाय, तर उभं राहतील. उभ्या मानसाच्या डोळ्यात मला बघता येत न्हाई आता, हात पुरत न्हाई. पेशंट बसलेलाच बरा."

"एकदा उभे राहू देत. मग जन्मभर बसव."

"ते तुला पाहिजेल, रेखा. मला न्हाई."

एवढं म्हणून तू ताट विसळलंस आणि आत गेलीस. आपलं भांडण तिथं थांबलंय. तुझी पाठ माझ्याकडं, ताटातून पाणी गळतंय.

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता तर अजिबात पटत नाही. तुला नको होतं म्हणे. मग पदकाची डबी मऊ फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाला कोण ठेवत होतं? दर दिवाळीला ती काढून कोण पुसत होतं? एका दिवाळीत मी तुझ्या खोलीत फराळाचं ताट घेऊन आले तर तू आरशापुढं उभी होतीस आणि पदक साडीवर लावलेलं होतं. तू झटकन काढलंस. पिन गंजली का बघत होते, म्हणालीस. पिनेला गंज नव्हता, मी नंतर बघितलं. तुला खोटं बोलता यायचं नाही, आत्या, आणि तरी तू आयुष्यभर एकच खोटं नेटानं रेटलंस, की मला काही लागत नाही.

सगळ्यांचा राउंड घेतलास. तुझा कुणी घ्यायचा होता?

उन्हाळ्यापासून तुझे पाय सुजत होते. दत्तानं बघितले, म्हणाला वय झालं. आडवं पडलं की तुला दम लागायचा, म्हणून तू उशीवर उशी रचून बसूनच झोपायला लागलीस. त्याच्या बायकोला वाटलं, म्हातारपणाची लहर. फोनवर तू मला म्हणालीस, जराशी दमते, बाकी बराबर आहे. तुला कळत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. किसनकाकांच्या पायावर अंगठा दाबून, पडलेला खळगा किती वेळात भरतो हे बघणारी तू, तुझ्या स्वतःच्या पायावर अंगठा दाबला नसशील? दाबला असशील. खळगा बघितला असशील. आणि पदर सारखा करून बाहेर येऊन कुणाची तरी पट्टी बदलली असशील. दुखणं लपवणाऱ्या पेशंटला तू किती झापायचीस. तुला झापणारा माणूस गावात नव्हता, आणि मी जालन्यात फोनवर तुझा आवाज ऐकून तो खरा मानत होते. एका सकाळी दत्तानं तुला गाडीत घातलं. परतूरच्या अलीकडंच तू गेलीस.

मी पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. आंघोळ मी घातली, ते वर सांगितलं. मग पेटीतून पदक काढलं आणि तुझ्या पांढऱ्या साडीवर लावलं. पिन चांगली होती. थोरल्या बायांचं म्हणणं पडलं की धातू अंगावर ठेवून न्यायचं नसतं. उचलायच्या वेळी दत्तानं ते काढून खिशात टाकलं, किल्ल्या टाकतात तसं. जिल्ह्याला कळवावं, तिरंगा मागवावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हणेपर्यंत नदीकाठी लाकडं रचून झाली होती आणि आभाळ भरून आलेलं होतं. लोक म्हणाले, जल्दी करा.

त्या खुर्च्यांवरची माणसं सगळी आली होती. भिंतीला लागून, उपरणी गळ्यात घेऊन उभी होती. तुला उचलायच्या आधी मी त्यांच्याकडंच बघत होते. निदान आता एखादा हात कपाळाकडं जाईल. किसनकाका तुझ्या पदकाकडं टक लावून बघत होते. माझी नजर गेल्यावर त्यांनी मान खाली घातली. कुणाचा हात उठला नाही. तुला चार खांद्यांवर घेऊन ते निघाले, आणि मी मनात म्हटलं, यांचा काय दोष. यांना कळू द्यायचं नाही असं तूच ठरवलं होतंस. त्या दिवशी मी सगळा राग तुझ्यावर काढला, त्यांना सोडून दिलं. तुझ्या तेराव्याला त्यांच्या पानात मी स्वतः वाढलं.

आता परवाचं सांगते.

परवा दुपारी सरपंच आणि किसनकाका घरी आले. सरपंच तरणा आहे, तू त्याला पोलिओचे डोस पाजले होतेस. चहा झाला. दत्ता शेताकडं गेलेला होता, मी एकटीच होते. सरपंचानं घसा साफ केला आणि म्हणाला, ताई, पंधरा ऑगस्ट आलाय जवळ. आत्याबाई तर आता न्हाईत. मंग यंदा ओवाळायला तुम्हीच यावं. तुमच्या घराचा मान आहे तो, दुसरीकडं कसा द्यायचा? शिवाय तुम्ही सवाष्ण, त्यामुळं यंदा काही अडचणच नाही.

तुझी राख नदीत पूर्ण विरघळलीही नसेल, आणि गावानं ताटाची सोय लावायला घेतली होती. मी म्हटलं, मला जमायचं नाही. तो हसला. ओवाळायला काय जमायचं असतं, ताई?

तेव्हा किसनकाका बोलले. खाली जमिनीकडं बघत.

"तसं न्हाई, सरपंच. बाई ओवाळीत न्हवत्या. तपासून राह्यल्या व्हत्या आमाला."

माझ्या हातातला कपबशीचा ट्रे मी खाली ठेवला. विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, पहिल्या सालापासून. कुंकू लावताना असा अंगठा दाबून कोण लावतं? आम्ही सगळे जाणून होतो. म्हणून तर कुणी पंधरा ऑगस्ट चुकवत नव्हतं. पाय माझा बाईंनीच वाचवला, आता खोटं कशाला बोलू.

"आणि त्या कोण होत्या, तेही माहीत होतं?"

सरपंच एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता.

"मेजर," ते म्हणाले. "मी फौजेतला मानूस हाय, ताई. बाई गावात आल्त्या त्या दिशी एस्टीतून उतरल्या, तव्हाच चालन्यावरून वळखलं म्या, की ह्या ऑफिसर हायेत. मंग पेन्शनीच्या कामाला गेल्तो तव्हा पक्कं कळलं."

"मग उभे का राहिला नाहीत?"

"समद्या गावाम्होरं बाईमानसाला सलाम ठोकायचा म्हंजे... आन बाई बी कधी बोलल्या न्हाईत. मंग आमी बी बसूनच राह्यलो."

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, आता आमाला कोन बघंन, ताई?

आत्या, तुझं सगळं गणित चुकलं. तुला वाटत होतं तू हुद्दा लपवून त्यांना बसवलंस. ते आपल्या सोयीनं बसले होते. तू वाकत होतीस ते त्यांची दुखणी बघायला, आणि तू वाकतेस हे त्यांना बरं वाटत होतं. दोन्हीकडून फायदा. मान द्यायचा नाही आणि राउंड मात्र दर वर्षी वेळेवर. अज्ञान असतं तर मी सोडून दिलं असतं, दिलंच होतं. पण त्यांना ठाऊक होतं. तुला खांदा देतानाही ठाऊक होतं. माझ्या हातचं तेराव्याचं जेवताना ठाऊक होतं. तू हे ऐकायला नाहीस म्हणून मला बरं वाटतं, आणि तू हे ऐकायला हवी होतीस असंही वाटतं. की तुलाही ठाऊक होतं? तुझ्या नजरेतून माणसाच्या डोळ्यांतलं पिवळं सुटत नव्हतं, तिथं हे सुटलं असेल? याचं उत्तर तू देऊन जायला पाहिजे होतंस.

मी स्वयंपाकघरात गेले. फळीवरून तुझं ताट काढलं. तू गेल्यापासून कुणी घासलं नव्हतं, थोडं काळवंडलं होतं. निरांजनात वात घातली, तूप घातलं, कुंकवाचा करंडा ठेवला, अक्षता ठेवल्या, पेटवलं आणि बाहेर आणून ते किसनकाकांच्या हातात दिलं. कोनाड्यात तुझा फोटो आहे, गणवेशातला, दत्तानं मोठा करून आणलेला. त्याच्याकडं बोट दाखवलं.

सरपंच म्हणाला, बाप्या मानूस कधी ओवाळतो व्हय, ताई? मी किसनकाकांना म्हणाले, "उभं राहून."

त्यांनी ताट मांडीवर टेकवलं, खुर्चीचा हात धरला आणि उठले. उठायला फार वेळ लागला. मग ताट दोन्ही हातांनी धरून ते कोनाड्यापाशी गेले. तुझ्या फोटोच्या काचेवर त्यांनी कुंकू लावलं, ते कपाळाच्या ऐवजी टोपीवर लागलं. अक्षता खाली सांडल्या. निरांजन तुझ्या चेहऱ्याभोवती फिरवलं, एकदा, दोनदा, मग थांबले, पुन्हा फिरवलं. कुठं थांबायचं हे त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं ओवाळून घेतलं होतं, पण बघितलं नव्हतं. शेवटी त्यांनी ताट कोनाड्यात ठेवलं, टाचा जुळवल्या आणि सलाम केला. पाठ ताठ झाली नाही, पण हात बरोबर कपाळापाशी गेला. सरपंच आपोआप उठून उभा राहिला.

मला जे हवं होतं ते मिळालं, आत्या. ते मिळाल्यावर बरं वाटेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

हात खाली आला तरी ते उभेच राहिले. अधिकाऱ्यानं बसा म्हटल्याशिवाय हवालदार बसत नाही, हे त्यांना आत्ता आठवलं होतं. ते बसा म्हणायची वाट बघत होते. त्यांचं धोतर जरा वर गेलं होतं, आणि दोन बोटं नसलेला तो पाय घोट्यापर्यंत सुजलेला होता. मला त्यातलं काही कळत नाही, तरी मला दिसला. त्यांनी सगळा भार दुसऱ्या पायावर घेतला. तू असतीस तर ते उठायच्या आधीच त्यांना खांदा धरून खाली बसवलं असतंस आणि पुढ्यात बसून पायाला अंगठा लावला असतास.

मी बसा म्हटलं नाही.